बटण चालू राहिलं

माइकचं बटण चालू राहिलं, एवढंच झालं. आमच्या कामात हे कुणाच्याही हातून होतं. कुणी जांभई देतं, कुणी शिंकतं, एकानं तर फोनवर आपल्या मेव्हण्याला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या आणि सगळा बसस्टँड दिवसभर हसत होता. माझ्या हातून झालं ते हसण्यासारखं नव्हतं. बंदराकडे जाणारी गाडी मी दोनदा सांगितली, कारण आमच्याकडे सगळं दोनदा सांगायचं असतं. मग बटण वर करायचं सोडून खुर्ची फिरवली आणि शेजारच्या टेबलावरच्या कंट्रोलरकाकांना म्हणाले, "पाठवली तर बाईंच्या डोळ्यांदेखत पोरीला आत ढकलायचं, नाही पाठवली तर ती परत मुकी होऊन बसायची. मी करू तरी काय, सांगा ना काका." काकांचा चहाचा कप तोंडाशी तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, बटणाकडे बघितलं. तेवढ्यात बाहेरच्या सगळ्या फलाटांवरून माझाच आवाज भिंतींना आपटून परत आला, सांगा ना काका. मग कुणीतरी ओरडलं, "पाठवा हो!" लगेच दुसरीकडून, "मुळीच पाठवू नका!" आणि हशा पिकला. एक कंडक्टर तर चालत्या गाडीच्या दारातून हात हलवत म्हणाला, "आवाजताई, मतदान घ्या!" मला तिथे सगळे आवाजताई म्हणतात. चेहरा फार थोड्यांना माहीत आहे.

मी बटण वर केलं. आणि मग मला आठवलं की खिडकीखालच्या बाकावर खारू बसली आहे.

खारू माझी मुलगी. हे घरातलं नाव, कागदोपत्रीचं वेगळं आहे. लहान असताना ती घास गालात धरून बसायची, गिळायची नाही आणि टाकायचीही नाही, म्हणून तिच्या बाबांनी हे नाव ठेवलं. शिक्षकांचा संप सुरू झाल्यापासून मी तिला कामावर आणत होते. घरी कुणी नाही, तिचे बाबा डेपोत मेकॅनिक, दिवसभर गाड्यांच्या पोटाखाली. ती बाकावर बसून चित्रं काढायची आणि मधेच काचेवर नाक चपटं करून मला वाकुल्या दाखवायची. मी काचेतून खाली वाकून बघितलं. ती चित्र काढत होती. डोकं वर नव्हतं. पेन्सिल हलत होती पण एकाच जागी, एकाच रेघेवरून पुन्हापुन्हा, कागद फाटेल अशी. मुकी हा शब्द मी घरातून हद्दपार केला होता. त्या शब्दावरून मी माझ्या नणंदेशी बोलणं टाकलं होतं, शाळेतल्या एका पोराच्या आईला रस्त्यात थांबवून सुनावलं होतं. आणि आता तोच शब्द मीच म्हटला होता, भोंग्यावरून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. काका हळूच म्हणाले, "ऐकलं नसेल गं तिनं. पोरं कुठे लक्ष देतात." मी म्हणाले, "काका, लक्ष द्यावं म्हणूनच तर मी पगार घेते."

खरं म्हणजे खारू बोलते. घरात तर कान किटतील इतकं बोलते. माझ्या सगळ्या घोषणा तिला तोंडपाठ आहेत. स्वयंपाकघरात डाव तोंडाशी धरून ती म्हणते, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, बाबांचं ताट ओट्यावरून सुटत आहे, आणि दोनदा म्हणते. पण शाळेच्या फाटकातून पाय आत पडला की तिच्या आतलं बटण कुणीतरी वर करतं. पहिली दोन वर्षं शाळेत तिनं एक शब्द उच्चारला नाही. पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारता येत नाही म्हणून तहानलेली बसायची, आणि एकदोनदा त्याहून वाईट झालं. ओला गणवेश पिशवीत घेऊन ती घरी आली तेव्हा दार उघडताच तिनं मला सगळं सांगितलं, भडाभडा, कोण हसलं, कोण नाही हसलं, फरशी कशी पुसली. मी विचारलं, मग तिथे का नाही सांगितलंस गं? तर म्हणाली, "आई, तिथे शब्द येतात, पण इथे येऊन थांबतात," आणि तिनं गळ्याला हात लावला. आम्ही तिला वाचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, तिच्यात काही कमी नाही, तिला भीती वाटते, आणि भीतीला घाई चालत नाही. मी घाईचीच बाई. जिचा सगळा दिवस लोकांना घाई करण्यात जातो, तिच्या पोटी ही.

मग या बाई आल्या. बारीक अंगाच्या, घसा नेहमी थोडा बसलेला, मोठ्यानं बोलणं जमत नसल्यासारख्या. वर्गात ओरडत नाहीत म्हणून पालकांच्या सभेत त्यांच्याविरुद्ध कुरकुर झाली होती, आणि कुरकुरणाऱ्यांत मीही होते. त्यांच्या हजेरीला फार वेळ लागायचा. एक नाव घ्यायचं, त्या मुलाकडे बघायचं, त्यानं हजर म्हणेपर्यंत थांबायचं, मगच पुढचं. खारूच्या नावाला त्या थांबल्या. थांबूनच राहिल्या. मग म्हणाल्या, बाकावर एकदा टकटक केलंस तरी चालेल, मला कळेल. खारूनं बोटानं बाक वाजवलं. टक. बाईंनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं, जणू हजर म्हणायची तीही एक रीतच आहे. कितीतरी दिवस टक. मग टक आणि ओठांची हालचाल. मग एक कुजबूज, शेजारणीलाच ऐकू जाईल अशी. आणि संपाच्या थोडंच आधी एके दिवशी शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं, हजर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्यांना तिथल्या तिथे थांबवलं. "टाळ्या कशाला? तुम्ही हजर म्हणता तेव्हा कुणी वाजवतं का?" हे मला खारूनंच सांगितलं, डाव हातात न घेता, अगदी साध्या आवाजात, आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. बाईंची आणखी एक पद्धत होती. सगळी नावं संपली की त्या पेन खाली ठेवायच्या, मुलांसारख्या ताठ उभ्या राहायच्या, आणि सगळा वर्ग एका सुरात त्यांची हजेरी घ्यायचा. "बाई?" आणि त्या म्हणायच्या, "हजर." खारू त्यात फक्त ओठ हलवायची. ते अजून व्हायचं होतं.

आणि संप झाला. दोन वर्गांचा मिळून एक वर्ग करायचा, असा वरून हुकूम आला होता, म्हणून. बाई त्यात असणार हे उघडच होतं. मी त्यांना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, दुप्पट पोरांत मला बाकावरची टकटक ऐकू यायची नाही. एवढंच आहे सगळं." मी हो म्हणाले. डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, सवय अजून कोवळी आहे, शाळेत जाणं तुटू देऊ नका, खंड पडला तर पुन्हा सुरुवातीपासून. त्यांनाही मी हो म्हणाले. दोन्ही फोन एकाच दिवशी. आणि त्यावर कडी म्हणजे शाळेचा निरोप आला की शाळा सुरू होणार आहे, बदली शिक्षक नेमले आहेत, दोन्ही वर्ग सभागृहात एकत्र बसतील, पालकांनी मुलांना उद्यापासून पाठवावं. तो निरोप वाचूनच मी खुर्ची फिरवली होती.

त्या दिवशी घरी परतताना खारू माझं बोट धरून चालत होती आणि बोलत नव्हती. रस्त्यात ती एरवीही फार बोलत नाही, म्हणून मी मनाची समजूत घातली. घराचं कुलूप काढलं. चपला काढल्या. ती आता सुरू होईल म्हणून मी मुद्दाम पाठ करून भांडी लावत राहिले. काही नाही. मी डाव तिच्या हाताजवळ ठेवला. तिनं तो नीट बाजूला सरकवला आणि पाण्याचा पेला घेतला. शाळेतून जे घरी कधी आलं नव्हतं ते मी स्वतः भोंग्यावरून घरी आणलं होतं. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "खारू, तो शब्द माझ्या तोंडून चुकून गेला. तू तशी नाहीस. मला माहितीये तू तशी नाहीस." ती माझ्या तोंडाकडे बघत होती, डोळ्यांकडे नाही, ओठ कसे हलतात ते बघावं तशी. मग तिनं मान डोलावली. मोठी माणसं जशी डोलावतात, जाऊ दे म्हणत. मला तिनं एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

तिचे बाबा आले तेव्हा त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. डेपोत बातमी गाडीच्या आधी पोचते. हात धुताना त्यांनी सवयीनं चेष्टा केली, "तुझं तोंड आहे की भोंगा?" आणि माझा चेहरा बघून साबण हातातच ठेवून उभे राहिले. मग आम्ही हळू आवाजात भांडलो. हळू आवाजातलं भांडण वाईट, त्यात प्रत्येक शब्द निवडून मारता येतो. ते म्हणाले, "नाही पाठवायची. मागच्या साली आम्ही संपावर बसलो, सगळं शहर पायी चाललं. त्या बाई नदीपलीकडून चालत यायच्या. एकदा तरी आपल्याला बोल लावला त्यांनी? आणि आता त्यांच्यासमोरून आपली पोर आत नेऊन बसवायची?" मी म्हणाले, तुम्हाला तत्त्व आहे, मला पोर आहे. ते म्हणाले, "मला दोन्ही आहेत. तुलाही आहेत." मला तो संप आठवला. आवाजवाल्यांची संघटना नाही, त्यामुळे मी कामावर होते, आणि रिकाम्या स्टँडला सांगत होते की सर्व गाड्या रद्द आहेत, सर्व गाड्या रद्द आहेत. कुत्री ऐकायची. हे डेपोच्या दाराशी उन्हात बसलेले, त्यांनाही ऐकू जायचं, आणि घरी आल्यावर म्हणायचे, आज छान रद्द केल्यास गाड्या. तेव्हा आम्ही हसायचो. आता मी म्हणाले, "ती घरातही बोलेनाशी झालीये, कळतंय का तुम्हाला? तिला तो वर्ग, तो बाक, ती हजेरी पाहिजे." ते म्हणाले, "बाक नाही, सभागृह आहे. आणि हजेरी घेणारं माणूस फाटकाबाहेर आहे." त्यांचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या माणसाचा जितका राग येतो तितका चुकणाऱ्याचा येत नाही. शेवटी ते म्हणाले, "मी येणार नाही सोबत. पण अडवणारही नाही." म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात. पलीकडच्या खोलीत खारू अंथरुणावर बसून आमच्याकडे पाठ करून काहीतरी करत होती. मी डोकावले. ती बोटानं भिंतीवर वाजवत होती, अगदी हळू. टक. थांबायची. टक. कुणी पलीकडून उत्तर देईल म्हणून वाट बघावी तशी थांबायची. मी उत्तर द्यायला हवं होतं का? मला कळलं नाही. मी दार लोटून घेतलं.

सकाळी ती गणवेशात तयार होती. मी काही सांगितलं नव्हतं. गुंड्या एक घर चुकवून लावलेल्या, दप्तर पाठीवर, केस पाणी लावून चापून बसवलेले. मी गुंड्या सोडून पुन्हा लावल्या आणि विचारलं, "जायचंय तुला?" तिनं दाराकडे बघितलं. मी त्याचा अर्थ हो असा घेतला. मला तो अर्थ हवा होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. कंट्रोलरकाकांना कळवलं की उशीर होईल, आणि निघालो. रस्ता रोजचाच, पण मला प्रत्येक दुकानदार आमच्याकडे बघतोय असं वाटत होतं. पावाच्या दुकानाशी एक बाई दुसरीला काहीतरी म्हणाली आणि दोघी खारूकडे बघून थांबल्या. काल स्टँडवर असतील. नसतीलही. मी मनात वाक्यं जुळवत होते. बाई, रागावू नका. बाई, तुमचं बरोबर आहे, पण. बाई, डॉक्टर म्हणाल्या. प्रत्येक वाक्य मी दोनदा म्हणून बघत होते आणि दुसऱ्यांदा ते पहिल्यापेक्षा खोटं वाटत होतं. खारूचा हात माझ्या हातात थंड होता, की माझा थंड होता.

कोपरा वळलो आणि मी थबकले. फाटकाच्या दोन्ही बाजूंना भिंतीला लागून शिक्षक उभे होते आणि सगळ्यांच्या तोंडाला काळी फडकी बांधलेली होती. मूक निदर्शनं. याचा मला पत्ता नव्हता. घोषणा असतील, फलक असतील, कुणी अंगावर येऊन बोलेल, याची तयारी मी करून आले होते. आरडाओरडा झाला असता तर मी निभावलं असतं, तो माझा प्रांत. ही शांतता माझ्या ओळखीची नव्हती. एक बाप आपल्या दोन पोरांना दोन्ही हातांनी धरून मान खाली घालून झपाझप आत गेला, त्याच्या बुटांचा आवाज तेवढा झाला. वॉचमननं लहान दार उघडलं आणि लावलं. फाटकाच्या अगदी जवळ, कडेला, आमच्या बाई होत्या. फडकं त्यांच्या लहान चेहऱ्याला मोठं होत होतं, नुसते डोळे दिसत होते. माझ्या मनात आलं, संपलं. हिला बोलायला जिनं शिकवलं तिचंच तोंड बांधलेलं हिनं बघितलं. आता ही कधीच. मी खारूच्या डोळ्यांवर हात ठेवायला गेले, इतकी मी वेडी झाले होते. तिनं मान मागे घेतली आणि बघत राहिली.

आम्ही पुढे गेलो. दुसरं काय करणार, मागून लोक येत होते. बाईंच्या समोर आलो आणि मी बोलायला लागले. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "बाई, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका, मला तुमचं पटतं, हिच्या बाबांनाही पटतं, पण ही काल संध्याकाळपासून घरातसुद्धा, म्हणजे चूक माझीच आहे, काल बटण चालू राहिलं, तुम्हाला कळलं असेलच." मी बोलतच राहिले. त्या उत्तर देऊ शकत नव्हत्या, आणि समोरचा उत्तर देत नसला की माणूस किती आणि काय काय बोलतं हे मला तिथे कळलं. बाईंचे डोळे माझ्यावर नव्हतेच. त्या खारूकडे बघत होत्या. तसंच, नाव घेतल्यावर थांबतात तसं. भिंतीपलीकडे सभागृहाच्या उघड्या खिडक्यांतून बदली शिक्षकाचा खणखणीत आवाज येत होता, हजेरी सुरू झाली होती, नावामागून नाव, आणि मुलांचे हजर, हजर, एकमेकांवर चढलेले. वॉचमन लहान दार धरून म्हणाला, "येताय का आत, ताई? दार लावायचंय." मी खारूचा हात ओढला. तो सुटला. तिनं सोडवून घेतला होता.

ती बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली, ताठ. दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरलेले. गळा हलताना मला दिसला. शब्द तिथे येऊन थांबला होता, मी तो बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी घाई केली नाही. मग ती म्हणाली, "बाई?"

मोठ्यानं नाही. पण रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. एवढ्या शांततेत तो आवाज अगदी उघडा वाटला, सकाळच्या थंडीत कोट न घालता बाहेर आलेल्या पोरासारखा. बाईंचे डोळे भरून आले. फडक्याखाली त्यांचे ओठ हलले, कापड आत ओढलं गेलं आणि बाहेर आलं. शेजारच्या शिक्षकांनी त्यांच्या कोपराला हात लावला, सांभाळा म्हणून. खारू थांबली होती. तिला थांबता येतं, तिला शिकवलंय तसं. बाईंनी हात वर केला आणि फाटकाच्या लोखंडी गजावर बोटाच्या पेरानं एकदा वाजवलं. टक.

खारूनं मान डोलावली, मला कळलं अशी. दप्तर काढून भिंतीशी ठेवलं आणि बाईंच्या शेजारी, रांगेत, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी वॉचमनकडे बघितलं. त्यानं खांदे उडवले आणि दार लावून घेतलं. मला वाटलं आता मी काहीतरी ठरवायला हवं, आई म्हणून, आणि त्याच वेळी कळलं की माझ्या हातात ठरवायला काही उरलेलं नाही. मी पदपथाच्या कडेला बसले.

आतून तिचं नाव आलं. कागदोपत्रीचं, लांबलचक, आम्ही कुणी कधी न वापरलेलं. त्या परक्या माणसानं ते चुकीच्या जागी तोडून म्हटलं. खारूनं मान वर केली आणि भिंतीपलीकडे म्हणाली, "हजर." मग, आमच्याकडे सगळं दोनदा सांगतात म्हणून, पुन्हा एकदा, अजून मोठ्यानं, "हजर." फाटकाबाहेर कुणी टाळी वाजवली नाही.

आतल्या माणसाला ते ऐकू गेलं नाही. त्यानं जरासुद्धा न थांबता पुढचं नाव घेतलं.